तेवीस मिनिटांची उसंत

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळे तेवीसबाई म्हणतात. घाईत ‘बाई’ गळून पडतं आणि नुसतं “ए तेवीस!” उरतं. तीही ओ देते. माणसाला आकड्यानं हाक मारणं हे तुरुंगाचं लक्षण. पण हा आकडा तिनं स्वतः भांडून मिळवलाय, म्हणून तो ती दागिन्यासारखा मिरवते.

धुलाईघर इमारतीच्या मागच्या अंगाला आहे, बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून. आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही, नुसती वाफ. मग त्या वाफेतून एकेक वस्तू उगवते. ताडपत्रीच्या ढकलगाड्या, पिळून निघालेल्या चादरींचे ढीग, आणि भिंतीपाशी ओळीनं उभे असलेले ड्रायर, माणूसभर उंच, प्रत्येकाच्या पोटाला एक गोल काच. ओल्या चादरी आत कोंबायच्या, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. मग तेवीस मिनिटं ते दार उघडत नाही. तेवीस मिनिटांनी भोंगा वाजतो.

पूर्वी नियम असा होता, की या तेवीस मिनिटांत ड्रायरवरच्या बाईनं पलीकडच्या टेबलावर जाऊन घड्या घालायच्या. म्हणजे यंत्रही चालू आणि बाईही चालू. यंत्राला निदान महिन्यातून एकदा तेलपाणी व्हायचं.

तिनं भांडण काढलं. शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण अर्ज स्वतः लिहिला: ‘ड्रायर चालू असताना उभ्या बाईस बसून उसंत मिळावी.’ कार्यालयातल्या कारकुनानं ‘उसंत’ खोडून ‘सवड’ केलं. म्हणाला, “शब्द जरा सोपा केला, बाई.”

तिचा राग तसाही नाकावरच असतो. “सोपा नाही केलात, खोटा केलात,” ती म्हणाली. “सवड आपली आपण काढायची असते. नाही काढली तर खोट आपली. उसंत दुसऱ्यानं द्यावी लागते. ती तुम्ही देत नाही, म्हणून तर हा कागद. पुन्हा लिहा.”

त्यानं पुन्हा लिहिलं. चौदा महिने गेले, दोनदा काम बंद पडलं, आणि एका सकाळी पाच ड्रायरांसमोर पाच स्टुलं आली. लाकडी, बिनपाठीची, एक तर डुगडुगणारं. डुगडुगणारं तिनं स्वतःला घेतलं. त्या दिवसापासून ती तेवीसबाई.

पहिले काही महिने ती त्या स्टुलावर नुसती बसायची. पाय पुढे, हात मांडीवर, डोळे काचेवर. काचेआड चादरी वर चढायच्या, क्षणभर छताला चिकटून राहायच्या, आणि थकल्यासारख्या खाली पडायच्या. बघता बघता तिला वाटायचं, आपण कुठल्यातरी पांढऱ्या गावाच्या वेशीवर बसलोय आणि आत वारा सुटलाय. शेजारच्या टेबलावरची घडीमावशी तिला बघून म्हणायची, “गेली ही. भोंगा वाजला की परत येईल.” घडीमावशीला घड्या घालता घालता झोप येते आणि झोपेत घड्या घालता येतात, तीस वर्षं तिचे हात तेच करताहेत.

मग ते नुसतं बसणं सुटलं. का सुटलं, ते सांगायचं तर ताईकडे जावं लागतं.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. दुसऱ्या शहरात, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. दिवसभर ओलं चाक फिरतं आणि ताई त्यावर काच धरते. एक केसभर जास्त घासली गेली की कुणाचं तरी जग वाकडं दिसणार. आई ताईजवळ असायची. आई गेली तो काळ तापाच्या साथीचा होता. रुग्णालयात खाटा कमी पडत होत्या, जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या, आणि प्रत्येक गादीला रोज दोन चादरी. सगळ्यांच्या रजा बंद. तेवीसबाईनं रजा मागितली, मिळाली नाही. भांडली, मिळाली नाही. शेवटी न विचारता निघून गेली, आणि एक दिवस उशिरा पोचली. जगातल्या लोकांच्या मरणाच्या चादरी तिनं धुतल्या आणि स्वतःच्या आईवर चादर घालायला ती नव्हती.

ताई दारातच उभी होती. डोळे कोरडे. बहिणीकडे पाहून तिनं तीनच शब्द उच्चारले.

“झाली का सवड?”

ज्या शब्दासाठी तेवीसबाईनं कारकुनाला झाडलं होतं, तोच शब्द तिच्या तोंडावर मारला गेला होता. ती आत गेली, आईच्या रिकाम्या खाटेपाशी बसली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. त्यानंतर सात महिने दोघींत एक अवाक्षर नाही. दोघी एकाच आईच्या; माघार कुणाच्याच रक्तात नाही.

सात महिन्यांनी, एका दुपारी, फोनच्या पडद्यावर एक चित्र आलं. निळंशार तळं. दोन काठांवर दोन छोटी घरं. मधे पाणी. खाली ताईचं नाव आणि मजकूर: ‘तुमची आठवण येतेय. पूल बांधूया?’

तो एक खेळ होता. डुगडुगतं स्टूल त्या क्षणी एकदम स्थिर झाल्यासारखं वाटलं तिला. ताईनं बोलावलं होतं! ताई, जी आयुष्यात कधी आधी बोलली नाही, तिनं बोलावलं होतं. तेवीसबाईनं अंगठा ठेवला. पलीकडच्या काठावरच्या घरात दिवा लागला.

खेळ साधा होता. दोघींनी रोज दुपारी एक ते दोनच्या आत आपापल्या घरात दिवा लावायचा. दोन्ही दिवे लागले की पुलाला एक फळी. एक दिवस जरी चुकला तरी अख्खा पूल पाण्यात. वेळ एकदा ठरली की बदलता येत नाही. तिची दुपारची खेप दीडच्या सुमाराला ड्रायरमध्ये जायची, तेव्हा हे तिला आपल्यासाठीच शिवल्यासारखं वाटलं. दिवा लावायला एक मिनिट. उरलेली बावीस मिनिटं ती तळ्याकाठी बसायची. पाण्यावर धुकं असायचं, आणि भोवतीच्या वाफेतून कुठलं धुकं कुठलं हे कळेनासं व्हायचं. ताईचा दिवा त्या धुक्यात पिवळा ठिपका होऊन हलायचा. बोलणं नाही, चालणं नाही. पण रोज एक फळी.

साठाव्या फळीला खेळानं दिव्यात तेल मागितलं. तेल हवं तर तीन जाहिराती बघायच्या. शंभराव्या फळीला लाकडाला कीड लागली. रोज एकेक किडा बोटानं वेचायचा. दीडशेनंतर वेळीअवेळी फोन थरथरायला लागला. ‘तुमचा पूल कुरकुरतोय!’ ‘तुम्ही विसरलात का?’ आणि एकदा तर, ‘तुमची सोबतीण रडते आहे,’ म्हणून डोळ्यांतून टपोरे थेंब गाळणारी एक बाहुली. तेवीसबाई त्या बाहुलीवर खेकसली होती. ताई रडली की तिचं नाक लाल होतं आणि ती समोरच्याला शिव्या घालते. ही कुठली ताई!

“अगं, हा खेळ आहे की मुकादम?” घडीमावशीनं विचारलं.

धुलाईघराच्या साहेबाच्या दारावर ‘पर्यवेक्षक’ अशी पाटी आहे, पण सगळ्या बायका त्याला मुकादमच म्हणतात, त्याच्यासमोरसुद्धा.

“तुला नाही कळायचं, मावशी.”

“नाहीच कळायचं. त्या मुकादमाशी चौदा महिने भांडून तेवीस मिनिटं सोडवलीस, आणि ह्या मुकादमाला तबकात घालून दिलीस. वर त्याचे किडे वेचतेस. मला मेलीला काय कळतंय!”

तेवीसबाई चिडली. खरं बोलणाऱ्यावर माणूस चिडतो तशी चिडली. पण ती मावशीला कसं सांगणार, की हे किडे वेचणं नाही, हे बहिणीचा हात धरून ठेवणं आहे? सुटला तर पाण्यात.

दोनशे सहावी फळी पडायची होती त्या दिवशी किडे फारच निघाले. एक वेचला की दोन. तेल संपलं, जाहिरात सुरू झाली, जाहिरात अडकली. दोनला सहा मिनिटं उरली होती. भोंगा वाजला. तिनं ऐकला. ऐकून बसून राहिली. ड्रायर थांबल्यावर गरम चादरी ढिगात तशाच राहिल्या की त्या आतून तापत जातात. हे तिला ठाऊक होतं, नव्या बायकांना हे तीच शिकवते. फळी पडली तेव्हा दोन वाजायला एक मिनिट होतं, आणि धुलाईघरात करपल्याचा वास पसरला होता.

चाळीस चादरी. ढिगातल्या मधल्या तर जुन्या कागदासारख्या पिवळ्या पडलेल्या.

मुकादम आला. ओरडला नाही. ओरडला असता तर ती सहज जिंकली असती. तो चादर हातात धरून शांतपणे म्हणाला, “बघितलंस? उसंत दिली तर ही गत. सोमवारपासून दोनपैकी एक. कामाच्या वेळेत फोन कपाटात, नाहीतर स्टुलं भांडारात. पाचही.”

बाकी चौघी तिच्याकडे बघत होत्या. एकीनं नुसता आपल्या स्टुलावर हात ठेवला.

“फोन कपाटात,” ती म्हणाली. एका श्वासात. यात विचार कसला करायचा! ती तेवीस मिनिटं तिच्या एकटीची कधीच नव्हती.

विचार आला तो नंतर, हात धुताना. सोमवार. दुपारी एक ते दोन. कपाटात फोन, फोनमध्ये तळं, तळ्यावर पूल. बुडणार.

शनिवारी, रविवारी तिनं दोन फळ्या टाकल्या. ताईला निरोप लिहायचं ठरवलं. ‘सोमवारपासून मला’ एवढं लिहून पुसलं. ‘ताई, कामावर’ लिहून पुसलं. कामाचं कारण सांगायचं? त्याच कारणावर तर सगळं मोडलं होतं. पुन्हा म्हणेल, नाहीच ना झाली सवड. तिनं फोन पालथा घातला. ताईनं आधी पूल मांडला, आता आधी बोलायची पाळी खरं तर आपली, हे तिला समजत होतं. पण समजणं एक आणि जिभेवर येणं एक.

सोमवारी दीड वाजता ती डुगडुगत्या स्टुलावर बसली. हात रिकामे. ते कुठे ठेवायचे हेच आठवेना. काचेआड चादरी चढल्या, चिकटल्या, पडल्या. भिंतीवरचं घड्याळ ती बघणार नव्हती, तरी बघत होती. पावणेदोन. पाच कमी दोन. दोन. कुठे काही आवाज झाला नाही. दोनशे आठ फळ्या बुडाल्या आणि धुलाईघरात नुसती वाफ होती.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. तिसऱ्या दिवशी मात्र चादरी पुन्हा पूर्वीसारख्या दिसायला लागल्या. पांढऱ्या गावात वारा सुटला. एक चादर काचेला चिकटून उलगडली आणि तिच्यावर एक सुरकुती उमटली, तिरकी, लांब. जणू कुणी खडूनं ओढलेली. तेवीसबाई पुढे झुकली. चादर पडली, दुसरी आली, दुसरी रेघ. आणि त्या वाफेत, भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी तिला आईचं कपाट दिसलं.

लोखंडी, करड्या रंगाचं कपाट. दाराच्या आतल्या बाजूला दोघी बहिणी खडूनं चित्र काढायच्या. नियम एकच: एका वेळी एकच रेघ. ताईनं एक काढायची, मग हिनं एक. कोंबडी म्हणून सुरू झालेलं चित्र होडी व्हायचं, होडीला धुराडं फुटायचं, धुराड्यावर कुणीतरी टोपी घालायचं. आईच्या कपड्यांना घासून रेघा पुसट व्हायच्या, त्या पुन्हा ओढायच्या. चित्र कधी संपलं नाही. संपवायचंच नव्हतं. कधी ताईची परीक्षा असायची, दहा दिवस तिची रेघ यायची नाही. ही रडकुंडीला यायची: “आई, बघ ना! हिची पाळी आहे आणि ही काढतच नाही!” आई आतून म्हणायची, “भांडू नका गं. सवडीनं काढेल ती.”

सवडीनं.

भोंगा वाजला. तेवीसबाई उठली आणि चादरी काढायला लागली, पण तिचे हात चादरी काढत होते आणि ती कपाटापाशीच होती. केवढा मऊ शब्द होता तो, आईच्या तोंडी. घाई नको, तुझी जागा कुठे जात नाही, असं सांगणारा. दारात तो सुरीसारखा कधी झाला?

त्या दिवशी काम सुटल्यावर तिनं थांब्यावर उभं राहून पुलाचा खेळ उघडला. काळं पाणी, तरंगणाऱ्या फळ्या, रडणारी बाहुली. ‘नऊ जाहिराती बघा आणि पूल परत मिळवा!’ तिनं खेळ पुसून टाकला. मग दोघींसाठी दुसऱ्या खेळाचा शोध सुरू केला. बहिणीला घालायला चांगली चप्पल शोधावी तसा, दाबून, वाकवून, आत हात घालून.

आठवडाभर तिनं जाता-येता खेळ तपासले. बरेचसे दारातच नापास. एकानं तर नियम समजावण्यातच अर्धा प्रवास खाल्ला; खेळायची वेळ आली तोवर तिचा थांबा आला. एकाचं शेत होतं, चार तासांनी पाणी नाही घातलं तर पीक मरायचं; तिनं त्याला म्हटलं, खरं शेतसुद्धा एवढं उतावीळ नसतं बाबा. दुसरा एक छान होता, झाडं, पक्षी, पावा. पण मधेच थांबवलं तर सगळं पहिल्यापासून. आणखी एक परत आल्यावर विचारायचा, ‘इतके दिवस कुठे होता?’

“तुझ्या आजोळी,” ती भर गाडीत म्हणाली. शेजारचा प्रवासी दचकून सरकून बसला.

“एवढं काय पारखतेस?” घडीमावशीनं विचारलं. “स्थळ बघतेस का?”

“तसंच समज. मावशी, चांगलं घर कुठलं? पाहुणा उठला की त्याच्या चपला लपवत नाही ते. आणि वर्षानं आला तरी ‘ये, बस’ म्हणतं ते. एवढंच बघतेय. भोंगा वाजला की सोडतो का, आणि परत गेलं की टोमणा मारतो का.”

“अशी माणसं नाहीत गं, खेळ कुठून मिळायचा!”

मिळाला. शुक्रवारी, यादीच्या अगदी तळाशी. चित्र नाही, चकाकी नाही. पांढरा कागद आणि पेन्सिलीचं एक टोक. दोघांनी मिळून चित्र काढायचं, एका वेळी एकच रेघ. बस, एवढंच. गुण नाहीत, घड्याळ नाही, दिवे नाहीत. आपली रेघ काढली की खाली बारीक अक्षरात येतं: ‘आता समोरच्याची पाळी. घाई नाही.’ कुणी केला होता कोण जाणे. तिला वाटलं, त्या माणसाच्या घरीही एखादं कपाट असणार.

बोलावणं पाठवताना एक शब्द लिहायची सोय होती. तिनं लिहिलं, ‘कपाट’. एक तिरकी रेघ ओढली, काचेवर दिसली होती तशी. आणि पाठवून दिली. मुकादमाच्या केबिनमध्ये शिरतानाही छाती कधी एवढी धडधडली नव्हती.

एक दिवस गेला. दोन गेले. चार. काम सुटल्यावर कपाटातून फोन काढायचा आणि बघायचं. ‘समोरच्याची पाळी. घाई नाही.’ सहाव्या दिवशी तिला त्या ‘घाई नाही’चाच राग आला. पुलाचा खेळ निदान बोंब तरी मारायचा, दिवा लागला की नाही ते रोज कळायचं. हा गप्प. जो खेळ जाब विचारत नाही तो धीरही देत नाही, हे तिला कुठे माहीत होतं! ताईनं बोलावणं बघितलं की नाही? बघून टाकून दिलं? पूल बुडवणाऱ्या बहिणीला आता काय उत्तर द्यायचं, असं म्हणाली असेल?

नवव्या दिवशी घडीमावशी नेहमीसारखी काही टोचून बोलली नाही. तिनं चादरीची घडी घातली, हातानं दाबली आणि म्हणाली, “दे गं तिला वेळ. तू मागितलास तेव्हा चौदा महिने लागले होते.”

दहा. अकरा. स्टुलावर बसल्या बसल्या तिनं चादरींच्या सुरकुत्यांतून कोंबड्या बघितल्या, होड्या बघितल्या, एकदा तर स्पष्ट आईचं कोपर बघितलं. हात रिकामे असण्याची आता सवय झाली होती.

बाराव्या दिवशी, थांब्यावर, पांढऱ्या कागदावर तिच्या तिरक्या रेघेला लागून दुसरी रेघ होती. गोल, थोडी थरथरलेली, टोकाला चोच निघाल्यासारखी. कोंबडी. कोंबडीच होती ती! ती अजून बघतच होती तोवर फोन वाजला. ताई.

“हं,” तेवीसबाई म्हणाली. सव्वा वर्षानंतरचा पहिला शब्द.

“पूल बुडवलास,” ताई म्हणाली. पलीकडे ओल्या चाकाची घरघर ऐकू येत होती. म्हणजे ताई अजून कामावरच होती.

“बुडवला. फोन कपाटात ठेवावा लागतो आता.”

“बरं केलंस.”

“काय?”

“बरं केलंस म्हणते. दुपारी एक ते दोन माझी जेवायची सुट्टी. सात महिने मी डबा एका हातात आणि किडे दुसऱ्या हातात. पूल बुडाला त्या दिवशी पहिल्यांदा बसून जेवले. शरम वाटली, पण जेवले.”

“मग खेळायचीस कशाला गं!”

“तू मांडला होतास ना डाव! म्हटलं, ही नाकावर माशी बसू न देणारी, हिनं आपण होऊन बोलावलंय, आता आपण कसं मोडायचं?”

तेवीसबाईनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. “मी? तू बोलावलंस. तुझं नाव आलं होतं. ‘तुमची आठवण येतेय’ म्हणून.”

“माझ्याकडे तुझं नाव आलं होतं. तेच लिहिलेलं.”

मग दोघींना एकदमच उमगलं, की फोनमधली नावं चाळून त्या मेल्या खेळानंच दोघींना परस्पर बोलावलं होतं. ती आधी बोलली नव्हती आणि हीही नाही. दोनशे आठ दिवस दोघी एकमेकींच्या मोठेपणाला जागत किडे वेचत होत्या.

ताई आधी हसली. मग हिला हसू फुटलं, थांब्यावरच्या कठड्याला धरून हसली, आणि त्या हसण्याच्या भरात, जुन्या दिवसांसारखंच, चिडवायला म्हणून तिच्या तोंडून निसटलं:

“आणि साधी एक रेघ काढायला बारा दिवस, ताईसाहेब? झाली का सवड?”

निसटलं आणि तिनं ओठ चावला. तेच तीन शब्द. तसेच्या तसे.

पलीकडचं हसणं थांबलं. चाक फिरत होतं. थांब्यावर एक गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. तेवीसबाई तिथेच उभी.

“सवड कुठली गं,” ताई हळू म्हणाली. “दोघी काम सोडून गेल्या, तिघींचं काम माझ्या एकटीवर. बोलावणं त्याच दिवशी बघितलं होतं. कपाट वाचलं आणि... बारा दिवस काचांवरून मान वर नाही झाली. उसंतच नव्हती.”

ती थांबली. मग चाकाचीही घरघर थांबली. तिनं बंद केलं असावं. त्या शांततेत ताईचा श्वास ऐकू येत होता.

“तुलाही नव्हती,” ताई म्हणाली. “तेव्हा. नव्हती ना?”

“नव्हती,” तेवीसबाई म्हणाली. “रजा मागितली होती गं मी. तीनदा.”

“मग दारात सांगायला काय झालं होतं, गाढवे? तोंड शिवलं होतं तुझं? जगाशी भांडतेस, माझ्याशी भांडायला काय धाड भरली होती? निघून गेली! चहा न घेता निघून गेली, नालायक कुठली...”

शिव्या येत राहिल्या. तेवीसबाई डोळे मिटून ऐकत राहिली. पलीकडे नाक लाल झालेलं तिला इथून दिसत होतं.

पुष्कळ वेळानं ताईनं नाक ओढलं. “बरं. आता तुझी पाळी आहे. त्या कोंबडीला पाय काढ.”

“काढते.”

“कधी?”

पुढची गाडी वळणावर दिसत होती. तेवीसबाईनं पिशवी खांद्यावर घेतली.

“सवडीनं,” ती म्हणाली.